मऊ पोवळं आणि गंगेचा गडू

समुद्र मी पहिल्यांदा पाहिला तो आमच्या काशीतल्या दूधविनायकाच्या घराच्या गच्चीवर, पाण्याच्या एका थेंबात. खरा समुद्र अजून पाहिलेला नाही आणि गुडघ्यांची अवस्था बघता आता पाहीन असं वाटत नाही. त्याचं दुःख वगैरे नाही. ज्या वर्षाचं सांगते त्या वर्षी मी, उशिरा शाळेत घातलेली, चौथी पास झाले आणि माझी शाळा सुटली. सुटली म्हणजे सोडवली. आत्या म्हणाली, "वाचता येतं, पाढे येतात, आता भात मऊ येऊ दे." आई नव्हती. ती माझ्या पाठच्या भावाच्या बाळंतपणात गेली आणि भाऊ राहिला. घरात अण्णा, म्हणजे माझे वडील. त्यांची विधवा बहीण, ती आत्या. मी आणि भाऊ. आणि तिसऱ्या मजल्यावर भाड्याने राहणारे नाबर मास्तर. एवढीच माणसं. घर गल्लीतल्या सगळ्या घरांसारखं, खाली काळोख आणि वर उजेड. ऊन तळमजल्यापर्यंत कधी आलंच नाही. आम्हाला ऊन हवं असलं की आम्ही त्याच्याकडे जिने चढून जायचो.

सकाळी पहिला आवाज अण्णांचा, ते अहिल्याबाई घाटावर जायच्या आधी पोथी म्हणत. मग पाठच्या घरातल्या कसेऱ्याचा ठोका सुरू व्हायचा, तांब्यावर हातोडीचा, आणि तो संध्याकाळपर्यंत चालायचा. त्या ठोक्यावर मी भाकरी थापायला शिकले. अण्णा दक्षिणेतून येणाऱ्या यात्रेकरूंचे उपाध्याय. यात्रा पुरी झाली की प्रत्येक यजमानाला गंगेचा गडू द्यायचा, चिमुकला, तांब्याचा, तोंडाला कथलाचा डाग देऊन बंद केलेला. गावी नेऊन मावंद्याच्या, म्हणजे यात्रेच्या सांगतेच्या जेवणाच्या, दिवशी त्याची पूजा करायची. पाणी माघात भरून ठेवत, नितळ असतं तेव्हा. जिन्याखालच्या कोनाड्यात गडूंच्या रांगा असत आणि त्यांच्या अंगावर दिव्याचा उजेड पडला की वाटायचं, कोणीतरी बारीक डोळ्यांनी बघतंय. गडू हातात देताना अण्णा दर वेळी तेच सांगत: "दहा वर्षं ठेवा. वीस वर्षं ठेवा. हे पाणी सडायचं नाही." मी हे इतक्यांदा ऐकलं होतं की आग भाजते आणि गंगेचं पाणी सडत नाही, या दोन गोष्टी मला सारख्याच खऱ्या होत्या.

आत्याने मला आधी शिकवलं ते रोळणं. हल्ली तांदूळ पिशवीतून येतो, स्वच्छ, कोणी रोळत नाही. तेव्हा तांदळात वाळू असायची. पातेल्यात तांदूळ घालायचे, पाणी घालायचं, आणि मनगट सैल सोडून पातेलं डोलवायचं, की हलकं ते पाण्याबरोबर दुसऱ्या भांड्यात उतरतं आणि जड ते तळाशी राहतं. सारखं डोलवत राहायचं, ओतत राहायचं. शेवटी तळाला चिमूटभर खडे उरतात. आत्याचं म्हणणं, तळ बघितल्याशिवाय काहीही फेकायचं नाही. डाळीचं पाणी असो, तांदळाचं असो, तळ बघायचा. ती चांगली बाई नव्हती पण स्वैपाक तिला येत होता. तिच्यासारखा गोळाभात मी पुढे कोणाच्याही हातचा खाल्ला नाही, माझ्याही नाही.

नाबर मास्तर देवगडकडचे. इथल्या एका कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायला आले होते, तेही हंगामी जागेवर. तिशीचे असतील, केस पुढून विरळ झालेले. समुद्राकाठचे सारस्वत, म्हणजे मासे खाणारे. आत्याने खोली देताना घरात मासा आणायचा नाही असं कबूल करून घेतलं होतं, आणि ते त्यांनी पाळलं. तरी ती त्यांना पाठीमागे मासेवाला म्हणायची. त्यांच्यादेखत ‘मास्तर’ म्हणायची, पण ‘मा’ नंतर जरा थांबून.

कॉलेजात कोणा जुन्या संग्राहकाच्या काचेच्या बरण्या आल्या होत्या. समुद्रातले जीव स्पिरिटमध्ये बुडवून ठेवलेले, आणि चिठ्ठ्या कसरीने खाल्लेल्या. मोठ्या साहेबांनी मास्तरांना सांगितलं होतं, दसऱ्यापर्यंत सगळ्यांना नावं लावा, जागा कायम करतो. नाही झालं तर दुसरा माणूस बघतो. आणि मासल्याला, म्हणजे बरणीतल्या नमुन्याला, सुरी लावायची नाही. सुरीबद्दल साहेब फार कडक होते. मास्तरांनी सगळी नावं लावली आणि एक बरणी अडून बसली. ती ते घरी घेऊन आले, कारण घरी त्यांचं स्वतःचं पितळी सूक्ष्मदर्शक होतं, वडिलांनी घेऊन दिलेलं.

बरणीत मुठीएवढं काहीतरी होतं. बोटं वर केलेल्या पंजासारखं, पण बोटं पाचापेक्षा पुष्कळ. रंग शिळ्या पिठल्याचा. मी विचारलं, "हे काय मेलेलं आहे?"

"पोवळं आहे," मास्तर म्हणाले.

"पोवळं लाल असतं. आत्याच्या अंगठीत आहे, मंगळासाठी."

"ते कठीण पोवळं. ही त्याची चुलत बहीण. हिला हाडं नसतात. ओहोटीला आमच्याकडे माणूस गुडघाभर पाण्यात उतरतो ना, तसल्या उथळ पाण्यात, उबदार समुद्रात, खडकांवर ही बसलेली असते. पाणी हललं की हलते."

"मग हाडं नाहीत तर उभी कशी राहते?"

त्यांनी बरणी खाली ठेवली. मग म्हणाले, "उद्या दुपारी वर ये. ऊन आलं की."

सूक्ष्मदर्शकाला खाली आरसा असतो आणि त्याला ऊन लागतं. आमच्या गच्चीवर, शेजारच्या दोन उंच घरांच्या मधून, ऊन नेमकं तासभर यायचं. त्या तासाची मी पुढे महिनाभर वाट बघत असे. पुराचे दिवस होते. म्युनिसिपालटीची माणसं विहिरीत टाकायला ब्लीचिंग पावडर वाटून जायची, तीच मास्तरांनी पाण्यात कालवली. पोवळ्याच्या वरच्या सालीचा नखाएवढा कपटा खरवडून त्यात टाकला. मांस विरघळून गेलं आणि थेंबात पांढरी धूळ उरली. मी एक डोळा मिटून वाकले. आधी माझ्याच पापण्या दिसल्या, काळ्या, झाडांसारख्या. मग उजेड आला.

"काय दिसतंय?"

"गदा."

"कसली गदा?"

"मारुतीची. पुष्कळ आहेत. मारुती एकही नाही, नुसत्या गदा."

ते इतके हसले की आत्याने खालून विचारलं, काय सांडलं. ती म्हणे त्या पोवळ्याची हाडं. एक मोठं हाड नसतं, अशी लाखो असतात, मांसात पेरलेली. प्रत्येक जातीची हाडं वेगळ्या घडणीची, आणि नाव त्यावरून ठरतं, बाहेरच्या रूपावरून नाही. मला ते एकदम पटलं. बाहेरच्या रूपावर माझा तेव्हाही विश्वास नव्हता.

पण अडचण अशी की सालीत गदा असणाऱ्या जाती दोन. एकीचं नाव लोबोफायटम, दुसरीचं सायन्युलेरिया. ही नावं मी मंत्रासारखी पाठ केली, ती आजही येतात. काल कोणती गोळी घेतली ते येत नाही. पहिलीच्या बुंध्यात आत पट्टे मारलेली पिंपं असतात, आणि दुसरीच्या बुंध्यात काय असतं ते त्यांनी पुस्तकातल्या चित्रात दाखवलं, पण चित्र पुसट होतं. खरं बघायचं तर बुंधा चिरायला हवा, आणि सुरीला बंदी. मास्तर रोज गदा बघत, रोज तेच पान उघडत आणि शेवटी म्हणत, "लोबोफायटमच असणार." म्हणताना त्यांचा चेहरा, मीठ विसरलेली आमटी ‘छान आहे’ म्हणणाऱ्या पाहुण्यासारखा व्हायचा.

मग त्यांना ताप आला. पुराच्या दिवसांत सगळ्यांनाच यायचा. गंगा घाटाच्या सगळ्या पायऱ्या गिळून गल्लीच्या तोंडाशी आली होती. अण्णांची घाटावरची छत्री आणि बसायची चौकी घरात जिन्यावर येऊन बसली होती. कसेऱ्याचा ठोका बंद होता. इतकी शांतता त्या घरात मी पुन्हा अनुभवली नाही. खालच्या चौकात पाझरलेलं पाणी साचलं होतं, त्यावर दुपारचा उजेड पडून जिन्याच्या भिंती हलत असायच्या, मी पेजेची वाटी घेऊन त्या हलत्या भिंतींमधून वर जायची. मास्तर डोळे मिटून बोलत. ओहोटीला खडकांमधून राहिलेली तळी, त्यात उभं राहिलं की पायाला लागणारं गरम पाणी आणि त्याखालचं थंड पाणी. पिवळ्या बोटांची बागच्या बाग, वारा नसताना डुलणारी. मी बरणीकडे बघत ऐकायची. बरणीच्या काचेतून खिडकी उलटी दिसायची आणि त्या उलट्या खिडकीत पोवळं, वर केलेली बोटं घेऊन. मला वाटायचं, गंगा अशीच चढत राहिली तर एक दिवस तिसऱ्या मजल्यावर येईल आणि हे हलायला लागेल. बारा वर्षांची होते. हे असलं वाटणं पुढे बंद झालं, आणि बंद झालं ते बरंच.

हरितालिकेच्या आदल्या दिवशी आत्या मास्तरांना बघायला वर गेली. बरणीचं झाकण सैल होतं. वास तिच्या नाकात गेला. खाली येऊन तिने अण्णांना धरलं.

"वर दारू आहे."

"औषधी स्पिरिट असेल," अण्णा म्हणाले.

"मला वास कळतो. आमच्या ह्यांनी मला तेवढंच शिकवलं. बरणीभर दारू, आणि त्यात मेलेला जीव. उद्या-परवा गणपती बसेल या घरात. तो यायच्या आत ती दारू बाहेर, नाहीतर मासेवाला बाहेर."

"तापात आहे माणूस."

"मग दारू बाहेर."

अण्णांनी पोथी उघडली. ते आत्याशी कधीच बोलून जिंकले नव्हते. मी रोळत बसले होते. आणि मला इतकं सोपं उत्तर सुचलं की मोठ्या माणसांना ते का सुचत नाही याचं नवल वाटलं. स्पिरिट कशाला, तर सडू नये म्हणून. न सडणारं पाणी तर आमच्या जिन्याखाली रांगा लावून ठेवलेलं.

दुपारी सगळे पडले होते. मी कोनाड्यातून तीन गडू घेतले, खिळ्याने डाग फोडला. मास्तर झोपेत होते. स्पिरिट मी गच्चीवरच्या मोरीत ओतलं, पोवळ्याला एकदा गंगेने विसळलं आणि गंगेत बुडवून झाकण घट्ट लावलं. रिकामे गडू लुगड्यांच्या पेटीमागे टाकले. मग आत्याला जाऊन सांगितलं, "वास बघ." तिने बघितला. म्हणाली, "आता देवघरात ठेवलं तरी चालेल." तो माझ्या त्या वर्षातला सर्वांत अभिमानाचा क्षण होता. गणपती बसला, मी सव्वीस मोदक वळले, त्यातले चार फुटले. गौरी आल्या, जेवल्या, गेल्या. बरणीत पाणी आधी दुधी झालं, मग ताकासारखं. मला वाटलं, गंगा आहे, काही तरी करत असेल.

गौरी गेल्यावर दुसऱ्या दिवशी मास्तर उठले, भिंतीला धरून बरणीपाशी गेले आणि त्यांनी झाकण काढलं. तो वास मी सांगत नाही. पुराने वाहून आलेल्या म्हशीचा माझ्या ओळखीचा होता, त्याचाच हा भाऊ.

"यात काय आहे?" त्यांनी विचारलं.

"गंगा."

"कोणी घातली?"

"मी. स्पिरिट ओतून दिलं. आत्या तुम्हाला काढणार होती. आणि गंगेचं पाणी सडत नाही."

मास्तर पलंगावर बसले. मग म्हणाले, "पाणी नाही सडलं गं. ते सडलं." आवाज चढवला असता तर मी रडले तरी असते. झाकण माझ्या हातात देत म्हणाले, "दसऱ्याला जेमतेम महिना राहिलाय. जा, घाटावर सोडून ये."

मी बरणी उचलली. खोलीपुढच्या गच्चीतून जाताना हात आपोआप थांबले. तळ बघितल्याशिवाय फेकायचं नाही. मी पातेलं आणलं, बरणी त्यात रिकामी केली, आणखी पाणी घातलं आणि रोळायला लागले. चिखल पाण्याबरोबर गेला, चोथा गेला. पुन्हा पाणी, पुन्हा डोलवणं. सात-आठ पाण्यांनी पातेल्याच्या तळाला मूठभर पांढरे दाणे उरले. नुसत्या डोळ्यांनी दिसणारे, कणीएवढे, दोन्ही टोकांना निमुळते. माझा पहिला विचार असा की अक्षता पडल्या कुठून. दाणा दाताखाली धरला. वास आला तरी धरला. फुटेना.

"मास्तर, तुमच्या पोवळ्यात तांदूळ आहेत."

"जा म्हटलं ना."

"तांदूळ नाहीत. दगड आहेत. पण सगळे एका साच्याचे."

ते उठले. पातेल्यात बोट घालून त्यांनी एक दाणा उचलला, उन्हात धरला आणि तडक सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला. ताप अजून होता. ऊन सरकत होतं. त्यांनी आरसा फिरवून शेवटचं ऊन पकडलं, बघितलं, आणि मला वाकवलं. तो एकच दाणा सगळ्या उजेडभर पसरला होता. मधे जाड, टोकांना बारीक, अंगभर फोडी.

"कारलं," मी म्हटलं.

"पिंप नाही?"

"पिंपाला टोक असतं का? कारलं आहे. पांढरं कारलं."

वर गदा आणि आत ही एवढी मोठी कारली, म्हणजे लोबोफायटम नाही. सायन्युलेरिया. मास्तरांनी पुस्तक काढलं, गच्चीवर उकिडवे बसले, मला बोटं कशी होती ते विचारत गेले. बरणी रोज बघणारी मीच होते. बुंधा आखूड, बोटांना फुटलेली बोटं, टोकं बोथट. संध्याकाळी त्यांनी पुढचं नावही लावलं: पॉलिडॅक्टिला, म्हणजे पुष्कळ बोटांची. मी म्हटलं, एवढं तर मी पहिल्या दिवशी सांगितलं असतं.

नाव मिळालं आणि जीव गेला, असं ते झालं. मास्तर दाणे एका काचेच्या नळीत भरून कॉलेजात गेले. परत आले ते जेवायच्या वेळी. अण्णांनी विचारलं, काय झालं. मास्तर म्हणाले, "साहेबांनी नाव मान्य केलं. मासला कुठे विचारलं. मी सांगितलं, सुरीने चिरला, त्यात वाया गेला. दसऱ्यापासून दुसरा माणूस येतोय."

मी वाढत होते. माझ्या हातात आमटीचा ओगराळा. अण्णांनी माझ्याकडे बघितलं. पेटीमागचे तीन गडू त्यांना सापडले होते, हे मला त्या बघण्यातून कळलं.

"खरं का नाही सांगितलंत?" अण्णा हळू आवाजात म्हणाले.

"काय सांगू? बारा वर्षांच्या पोरीचं नाव? आणि गंगेच्या पाण्यात सडलं, असं काशीत बसून म्हणू? उद्या तुमचे गडू कोण नेईल?" आणि ते हसले. "आमटी वाढ गं. अर्धीच वाढलीस."

मी आमटी वाढली. आत्याला यातलं काही कळलं नाही, कळतं तरी ती जेवणं उरकल्यावर बोलली असती. आम्ही दोघं गप्प राहिलो ते घरासाठी, असं अण्णांनी स्वतःला सांगितलं असेल. मी तसं काही सांगितलं नाही. मला भीती वाटली, एवढंच. दसऱ्याला मास्तर गेले. आत्याने त्यांच्या आईसाठी एक गडू दिला. त्यांनी तो कपाळाला लावून घेतला, खोटं नाही, खरोखर लावून. जाताना मला म्हणाले, "तळ बघत जा." पुढे त्यांचं एक पत्र अण्णांना आलं, रत्नागिरीकडे शाळेत लागल्याचं. मग काही नाही.

माझं लग्न याच गावात झालं, मंगलागौरीच्या देवळाजवळच्या घरात. मुलं झाली, नवरा गेला, त्यात लिहिण्यासारखं काही नाही. गेल्या थंडीत भावाची नात जुई, जी त्याच कॉलेजात शिकते, म्हणाली, "आजी, आमच्या म्युझियममध्ये एक बरणी आहे, तुम्ही सांगता ना, तीच वाटते. चला ना देखने." रिक्षातून गेले, दोन ठिकाणी उतरून कचौडीची गर्दी ओलांडली. बरणीत काहीच नव्हतं, फक्त तळाला एक नळी, आणि नळीत माझे दाणे. तितकेच पांढरे. मी काचेला नाक लावलं. जुईने चिठ्ठी वाचून दाखवली. सायन्युलेरिया पॉलिडॅक्टिला. मग मास्तरांचं नाव. त्याखाली दुसऱ्या कोणाच्या अक्षरात: मासला नाव लावणाऱ्याने मनाईविरुद्ध चिरून नष्ट केला.

तिथे एक मुलगी बसली होती, म्युझियम सांभाळणारी, स्वेटर घातलेली. मी तिला म्हटलं, "ये झूठ लिखा है."

"अम्मा, बहुत पुराना लेबल है."

"पुराना झूठ है. मिटाओ."

तिने समजावलं, जुन्या चिठ्ठीवर काही खोडता येत नाही, नियम आहे, दुरुस्तीला रकानाच नाही. मी म्हटलं, मग पाठीवर लिही. ती जुईकडे बघायला लागली. जुई कानाशी म्हणाली, "आजी, जाऊ द्या ना, अब क्या फरक पडता है." मी खुर्ची ओढून बसले. मला घाई नव्हती, जेवण मी करून निघाले होते. शेवटी ती कंटाळली, एक कोरी चिठ्ठी घेतली आणि म्हणाली, बोला, बरणीच्या पाठीला चिकटवते.

मी सांगितलं तसं तिने लिहिलं. सुरी लागली नाही. स्पिरिट घरातल्या मुलीने ओतलं आणि गंगेचं पाणी भरलं. दाणे तिने रोळून काढले. तिचं नाव, माझं माहेरचं. ती लिहिता लिहिता थांबली आणि तिने मान वर करून विचारलं, "लेकिन अम्मा, गंगाजल में क्यों रखा?"

"क्योंकि सड़ता नहीं," मी म्हटलं. "ये भी लिखो."